दाराला तेल घालायचं नाय

काथोडकाका कुणाच्याही घरी गेले, की पाणी मागायच्या आधी भिंत ठोकून बघतात. आमच्या शेणवे गावातल्या निम्म्या भिंती त्यांनी अशा नापास केल्यात. आणि हा म्हातारा नेमका माझा शेजारी!

थोरल्या मुलीच्या साखरपुड्याआधी घर नीट करायचं होतं आणि हात तर आखडता. मी रंगाचा डबा आणला, तर काका ओट्यावर हजर. "आधी पाणी थांबव, मंग रंग लाव. ओल्या भिंतीला रंग म्हंजे गळक्या नाकाला पावडर!" डबा परत दुकानात. गवंड्यानं पडकी भिंत पाडायला घण उचलला, तर काकांनी त्याचा हातच धरला. "तोडतो काय रे? सोडव!" मग दोन माणसं दिवसभर जुन्या विटा खरवडत बसली. फरशी बदलू म्हटलं, की "नवी कशाला? जुनी काय मेलीय?" अरे, घर कुणाचं? माझं की यांचं?

शेवटी पुढचं दार उरलं. जुन्याला वाळवी लागलेली. मुरबाडला जाऊन नवं बघतो म्हणालो, तर काका चक्क गप्प बसले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गोठ्यातून सागाचं दार घेऊन आले, चौकटीसकट. त्यांचं जुनं घर रस्त्यात गेलं, तेव्हा सोडवून ठेवलेलं. पोरगा घर बांधेल म्हणून जपलं, आणि पोरानं कल्याणला फ्लॅट घेतला.

"तिथं दार बिल्डरनंच दिलंय," काका म्हणाले. "हे तू लाव. पण तेल घालायचं नाय."

त्यांच्या घरातली सगळी माणसं बुटकी, हे मात्र सांगितलं नाही. पहिलं टेंगूळ मला आलं. "वाकून आलं की घराला नमस्कार होतो," इति काका. साखरपुड्याला व्याह्यांनी असा काही नमस्कार केला, की आधी बर्फ आणावा लागला. सोयरीक टिकली, हा त्यांचा मोठेपणा.

त्यात ते दार असं करकरतं, की म्हशी कान टवकारतात. एकदा वैतागून तेलाची बाटली काढलीच. काकांनी ती हिसकावली. मीही तडकलो. "काका, रोज संध्याकाळी येता, दार उघडता, लावता नि उंबऱ्यावरूनच परत जाता! काय चाललंय काय?"

काका ओट्यावर टेकले. "दिन्या, आमच्या म्हातारीला शेवटी शेवटी दिसत नव्हतं. दार वाजलं की आतनं विचारायची, 'आलात का?' ती गेली, मागनं घर बी गेलं. मी गोठ्यात जाऊन लय हलवून बघितलं. आडवं पडलेलं दार वाजत नाय रे. त्याला घर लागतं."

रात्री मी हे सगळं बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार करकरलं. स्वयंपाकघरातून माझ्या बायकोनं हाक दिली, "काका, आलात का?"



"आलो गो," काका म्हणाले. वाकून आत आले, आणि भिंत न ठोकता बसले.