दोराला हात

“माका काका म्हणतंस? घराक जा आणि आवशीक विचार, मी तुजो कोण तो.”

बाबल तांडेल तोंडवलीच्या किनाऱ्यावर ओरडत होता. खरं तर तो बोलतच होता. पण बाबल बोलला की वैभववाडी स्टेशनात गाडी आली समजून माणसं सामान उचलतात. दोराच्या पलीकडे उभा होता त्याचा सख्खा झील दिगंबर. निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आमच्याकडे शिडाच्या होड्यांची जागतिक स्पर्धा भरली होती, आणि शेजारी मोठा साहेब असल्यामुळे दिगंबर बापाला शुद्ध मराठीत म्हणाला होता, “काका, कृपया पलीकडून जा.”

त्या आठवड्यात गावाला बूड टेकायला सवड नव्हती. घराघरावर इंग्रजी पाट्या चढल्या. बांगड्याच्या तिखल्यातलं तिखट पळालं. पाहुण्यांची झोप मोडते म्हणून आमच्या शेजारणीने कोंबडा टोपलीखाली कोंडला. तो बिचारा दुपारी सुटला की दिवसभराचं आरवून घ्यायचा. गर्दी अडवायला दांडके कमी पडले, तेव्हा दिगंबरने घरातला जुन्या रापणीचा दोर नेऊन बांधला. आणि रापण ओढणारे चाळीसच्या चाळीस गडी निळे टी-शर्ट घालून त्या दोरामागे उभे राहिले.

रापण म्हणजे होडीने अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची. दोराला हात लावेल त्याला वाटा. या नियमात बाबल इतका कडक की बायको तापाने पडली तेव्हा तिचाही वाटा काढला नाही. सरपंच येवो नाहीतर गुरव, सवाल एकच: “दोराक हात लावलंस?” गुरवाने एकदा करंगळी लावली. त्याला करंगळीएवढी एक मांदेली मिळाली.

आणि नेमकं त्या दिवशी, स्पर्धेच्या हद्दीबाहेर, तारली मासळीच्या थव्याने पाणी काळं झालं. बाबलने दोन म्हाताऱ्यांना होडीत घालून जाळं टाकलं. ओढायला उरलो तो, मी आणि माझी दुखरी कंबर. मासळी आत, जाळं ताणलेलं, आणखी अर्ध्या तासात फाटलंच असतं. म्हणून तो झिलाला हाक मारायला धावला होता, आणि ‘काका’ होऊन परत आला.

सुदैवाने वारा पडला. शर्यत थांबली. वाळूत जांभया देत बसलेल्या दहा-बारा गोऱ्यांनी बाबलचा आवाज ऐकला आणि हीसुद्धा एखादी स्पर्धाच असणार असं समजून दोराला भिडले. त्यांच्यात एक माडाएवढा गडी होता. तो उताणा पडला तेव्हा जाळं दहा हात पुढे आलं. इतकी तारली निघाली की समुद्र दोन बोटं खाली गेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बाबलने वाळूत वाटे घातले. पाहुणे नको नको म्हणत होते, पण सोडतो कोण? एका मुलीला तिच्या टोपीतच वाटा मिळाला. माडाएवढा गडी नुसते फोटो काढत होता, त्याला म्हणाला, “फोटो काय तळून खातंस? वाटो उचल.” तो बिचारा न समजताच वाकला.

सगळे गेले तरी एक वाटा उरला. मी दोनदा मोजलं. तो सगळ्यांत मोठा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबल माझ्या तावडीत सापडला होता.

“बाबल, ह्यो रे कोणाचो?”

“दिग्याचो.”

“तेणी खंय हात लावलो दोराक?”

बाबल केळीच्या पानात तारल्या बांधत होता. त्याने मान वळवून पाहिलं. लांब गर्दी पुढे रेटत होती आणि दिगंबर दोन्ही हातांनी दोर ताणून ती थोपवत उभा होता.

“सकाळपासून आपलोच दोर धरून उभो आसा,” तो म्हणाला.