खाटल्याचे सहा चोर

डोमाजीला वेळ विचारली की तो आधी डोक्यावरची टोपी काढायचा. मग मान मागे टाकून आभाळ न्याहाळायचा आणि म्हणायचा, "खाटलं अजून चढलं नाई. घडीभर निजा." मनगटावर घड्याळ असलेल्या माणसालाही तो हेच सांगे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याजवळच्या एका गावात मास्तर होतो. डोमाजी तिथला पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी शेताशेतात वाटणारा माणूस. उन्हाळी धानाला रात्रीचं पाणी सुटे आणि कोणाची पाळी कधी संपली हे तारे ठरवत. तिकांडं, म्हणजे मृगातले तीन तारे, कलंडलं की एकाचं पाणी बंद. खाटलं वर चढलं की दुसऱ्याचं. यावरून गावात कधी डोकी फुटली नाहीत. "वर लबाडी नाई," हे डोमाजीचं पालुपद.

जेवण उरकलं की मी तलावाच्या बांधावर जाऊन बसे. त्याला खगोलशास्त्र शिकवावं, असा माझा नव्या नोकरीतला उत्साह. खाटलं म्हणजे सप्तर्षी, हे सांगून मी साती ऋषींची नावं आणि वसिष्ठाशेजारची अरुंधती, सगळं म्हणून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सात बुवा अन् बाई एकच? सयपाक कोन करते मंग?"

 मग त्याने आपली गोष्ट सांगितली. चार तारे म्हणजे एका म्हातारीच्या खाटेचे पाय. मागचे तीन म्हणजे चोर. म्हातारीचा डोळा लागला की खाट पळवायची, म्हणून ते रात्रभर तिच्यामागे आभाळ फिरतात. म्हातारी काही निजत नाही. खाली तलावाच्या पाण्यात तीच खाट हळूहळू डुलत असे आणि बघता बघता मलाच पेंग यायची. मी ऋषींना रजा देऊन टाकली.

फाल्गुनात एकदा तो म्हणाला, "गुरुजी, खाटल्याले आता सा चोर लागले. जमानाच बिघडला!" मी पोट धरून हसलो. पण दोन दिवसांनी आभाळ ढगांनी गच्च भरलेलं असताना त्याने बोट वर करून "ते पाहा तिकांडं" म्हटलं, तेव्हा माझं हसू मावळलं. कंदील वर धरून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाखवू," मी म्हणालो.

"डोये बांधले त पाळी कोन सांगन? लोक दुसरा पानकर पाहातीन. मंग माह्याकडं कोन येते?" त्याची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. "कोनाले सांगू नोका, गुरुजी."

मी शब्द दिला. तेव्हापासून शेजारी बसून मी कुजबुजायचो, "मोहाच्या झाडावर आलं," आणि तो साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडायचा. एका म्हाताऱ्याची लाज आपण एकटे राखतोय, याचा मला मनातून भारी अभिमान वाटे.

एकदा मला पोचायला उशीर झाला. बांधाखाली किसन नावाचा शेतकरी पाळीची वाट पाहत उभा होता.

"डोमामामा, खाटलं कुठवर आलं जी?"

"चढलं! घे पानी!"

"हो जी," म्हणत किसनने लग्नात मिळालेलं घड्याळ कंदिलापाशी नेलं आणि पाळीला अजून वेळ आहे हे पाहून तो बिडी पेटवून खाली बसला. एक झाली, दुसरी झाली. मग उठून त्याने पाणी आपल्या शेतात वळवलं. मला पाहून तो ओशाळला.

"सप्पा गावाले ठाऊक हाय, गुरुजी. तुमी त्याइले सांगू नोका."

साऱ्या गावाला ठाऊक होतं; माझा अभिमान तिथेच उतरला. लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

वर जाऊन बसलो. त्या दिवशी काही कुजबुजलो नाही. डोमाजीच बोलला.

"किसन दोन बिड्या होतवरी बसला होता ना?"

मी खाली किसनच्या कंदिलाकडे पाहिलं.

"डोये गेले, नाक नाई गेलं माहं. घडी हाय त्याच्यापाशी. सप्पाइपाशी हाय. पर इतक्या दूर विचाराले येतेत बिचारे. नाई सांगतलं त त्याइले वाईट नाई का वाटन?"