आप्पांचा फोटो काढायचा आहे

रंगाच्या बाबतीत माझ्याशी पैज लावू नका. हराल! तुर्भ्याच्या एका रंग-कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी अठरा वर्षं एकच काम करते आहे. कापडावरचा रंग उन्हात किती दिवसांनी उडतो, ते मोजायचं. कुणी नवी साडी दाखवली की मला तिचं भविष्य दिसतं. सांगत मात्र नाही, कारण आता चारच मैत्रिणी उरल्यात.

म्हणूनच आमच्या नेरूळच्या घरातला, हॉलमधला आप्पांचा फोटो मला छळायचा. आप्पा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन यायच्या आधीच ते गेले. फोटो अठ्ठ्याऐंशी सालचा. त्यातला निळा, पिवळा केव्हाच उडाला होता आणि उरला होता फक्त गुलाबी. आप्पा, त्यांचा सफारी, मागचा पडदा, सगळं स्ट्रॉबेरी मिल्कशेकमध्ये बुडवल्यासारखं!

येत्या रविवारी आईंची, म्हणजे सासूबाईंची, पंच्याहत्तरी होती. मी ठरवलं, चांगला कॅमेरा आणि फोटो-प्रिंटर घ्यायचा, आप्पांच्या फोटोचा फोटो काढायचा, रंग दुरुस्त करून घरीच प्रिंट काढायची आणि आईंना चकित करायचं. आठवड्याभराचं तर काम!

पहिले चार दिवस निवडण्यातच गेले. सतरा कॅमेरे आणि अकरा प्रिंटर यांचा मी तक्ता केला. शाई स्वस्त पण उडणाऱ्या डायची घ्यावी की महाग पण टिकणाऱ्या पिगमेंटची? कागद चकचकीत की मॅट? घासागणिक माझं मत बदलायचं. आमटीत चमचा तसाच आणि मी फोनवर!

"प्राची," माझा नवरा अभय म्हणाला, "माझ्याशी लग्न ठरवायला तुला वीस मिनिटं लागली होती."

"म्हणूनच या वेळी नीट बघतेय."

शेवटी वाशीच्या एका दुकानात गेले. विक्रेता उत्साही होता.

"मॅडम, फोटो कसले काढणार? पक्षी? लग्न?"

"सासऱ्यांचा."

"मग पोर्ट्रेट! त्यांना जरा हसायला सांगा, बाकी कॅमेरा बघून घेईल."

"ते हसणार नाहीत."

"सगळे सासरे आधी असंच करतात, मॅडम!"

खोकी घरी आणली आणि पलंगाखाली लपवली. प्रिंटरला हवा खेळती लागते. तशी जागा एकच होती, आप्पांच्या फोटोखालच्या शोकेसवर. मी टेप घेऊन भिंत मोजत होते, तेव्हा आई दारातून बघून गेल्या. मी टेप पाठीमागे लपवली. सरप्राइज होतं ना!

त्याच संध्याकाळी बाल्कनीतून मी अभयला फोन केला.

"शनिवारी आई देवळात गेल्या की आप्पांचा फोटो काढायचा. हो, काच नको. फ्रेमही भंगारात दे, वाळवी लागलीय. प्रिंटर तिथेच ठेवू. नाही रे, आईंना अजिबात कळता कामा नये! एकदा काढून झाला, की मग सांगू."

वाचकहो, बाल्कनीच्या खिडकीपलीकडे आई कढीपत्ता निवडत बसल्या होत्या, हे मला कसं कळावं?

शनिवारी सकाळी बघते तर आप्पांच्या फोटोखाली खुर्ची आणि खुर्चीत आई! पहारेकऱ्यासारख्या.

"आई, देवळात नाही जायचं?"

"देव कुठे पळून जात नाही. माणसांनाच हलवतात लोक."

मला काही उमगलं नाही. माझ्या डोक्यात वेळेचं गणित चालू होतं. उजेड अकरापर्यंतच चांगला, प्रिंट वाळायला बारा तास, आणि या हलायला तयार नाहीत!

"आई, कोथिंबीर आणता का जरा?"

"फ्रिजमध्ये दोन जुड्या आहेत."

मी तीन वेळा हॉलमध्ये गेले, तीन वेळा परत आले. शेवटी पलंगाखाली शिरून कॅमेरा तरी तयार ठेवावा म्हटलं. बाहेर येते तर खुर्ची रिकामी आणि भिंतीवर नुसता खिळा!

"फोटो कुणी काढला?" मी किंचाळले.

"मी काढला!" आई खोलीतून आल्या. हातात बॅग आणि छातीशी शालीत गुंडाळलेले आप्पा. "तू काढायच्या आधी मीच काढला!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात माझी नणंद शर्मिला, आणि मागे तिचा नवरा पंढरी. त्यांचा कळंबोलीला लोखंड वाहतुकीचा धंदा आहे.

"सामान किती आहे?" पंढरी भावोजींनी विचारलं. "टेम्पो आणलाय. आई म्हणाल्या, कायमची येते."

"वहिनी," शर्मिला कडाडली, "तुझ्या प्रिंटरला माझ्या आप्पांचीच जागा मिळाली?"

"अगं, मी फक्त फोटो काढणार होते!"

"बघा! तोंडाने कबूल करतेय!"

"काढणार म्हणजे कॅमेऱ्याने काढणार!"

"भिंतीवरून नाही ना?"

प्रयोगशाळेची सवय वाईट. खोटी नोंद करताच येत नाही.

"भिंतीवरूनही. फोटो काढायला आधी फोटो काढावा लागतो ना!"

"म्हणजे दोनदा काढणार?" भावोजी हबकले.

आवाज ऐकून अभय दाढीचा फेस घेऊनच बाहेर आला आणि त्याने एका वाक्यात सगळं सरप्राइज सांगून टाकलं. आई खुर्चीत बसल्या. मग हळूच शाल सोडून म्हणाल्या, "मग काढ की. सांगायचं नाही का आधी?"

खिडकीशी मी फोटो काढला, रंग दुरुस्त केले, आणि प्रिंटरभोवती सगळे गोळा झाले. कागद इंचाइंचाने बाहेर आला. करडा सफारी! हिरवा पडदा! सावळा, तरतरीत चेहरा!

"आप्पा!" शर्मिलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई बराच वेळ बघत होत्या. मी निकालाला उभी राहिल्यासारखी.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे ते नव्हेत."

"आई, हेच खरे रंग!"

"असतील. पण रोज सकाळी चहा घेऊन मी ज्यांच्याशी बोलते, ते गुलाबी आहेत. हे ऑफिसला निघालेले दिसतात. हे कुठे थांबणार माझं ऐकायला?"

मी पुन्हा बसले. निळा कमी केला, पिवळा कमी केला, गुलाबी चढवला. अठरा वर्षांच्या अनुभवाने, अत्यंत काटेकोरपणे, चांगला रंग उडवला. पाचव्या प्रिंटला आई म्हणाल्या, "हं. आता आले."

रविवारी नव्या फ्रेममध्ये गुलाबी आप्पा त्याच खिळ्यावर गेले. प्रिंटरच्या बाकीच्या शाया भरलेल्या आहेत, गुलाबी तेवढी संपलीय.

"प्राची," आईंनी काळजीने विचारलं, "हा रंग उडणार नाही ना गं?"

"नाही आई. पिगमेंट आहे. शंभर वर्षं असाच उडालेला राहील."