सर्व्हरची दारं

कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी परका डोकावून गेला, म्हणून सर्व्हरवाल्याने सोमवारी त्याचे सगळे पोर्ट बंद केले. पोर्ट म्हणजे नंबर घातलेली दारं. प्रत्येक कामाचं दार वेगळं. कोणतं दार कोणाचं, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. जो ओरडेल त्याचं उघडायचं, असं त्याने ठरवलं.

सगळेच ओरडले. "भाऊ, प्रिंटर मुका झालाय," टायपिस्टबाई म्हणाल्या. मागोमाग शिपाई आला. "मी इथे उभा आहे आणि हजेरीचं मशीन म्हणतं, गैरहजर."

"मग मशीनचं ऐका आणि घरी जा."

दोन दारं उघडून त्याने खोलीबाहेर पाटी लावली : तोंडी तक्रार घेतली जाणार नाही. स्क्रीनवर नोंदवावी.

त्याला घाई होती. मुलगी बाळंत झाली होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा जायचं ते त्यालाच. साहेब म्हणाले होते, "तक्रारी थांबल्या की जा. स्क्रीनवर अर्ज टाकून ठेवा."

मंगळवारपासून तक्रारींची यादी रिकामी. गुरुवार उजाडला तरी सोमवारीच टाकलेला अर्ज मंजूर नाही. साहेब व्हरांड्यात भेटले ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. गरज सरो, वैद्य मरो, असं मनात म्हणत हा आपल्या खोलीत शिरला.

मुलीचा फोन आला. "बाबा, येताय ना? आई असती तर..."

"आई असती तर तिने मला सोमवारीच पिटाळलं असतं."

दुपारी तो टायपिस्टबाईंच्या प्रिंटरची सोमवारी राहून गेलेली वायर बदलायला गेला. वायर बदलून बाईंच्या स्क्रीनवर तक्रारींचं पान उघडायला गेला. उघडेना. त्याच्या खोलीत तर ते रोज उघडत होतं. पण तो सर्व्हरला खेटून बसलेला. आतल्या माणसाला कुठलं दार बंद दिसणार?

"हे कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मग सांगायचं नाही?"

"पाटी तुमचीच ना? स्क्रीनवर नोंदवा म्हणे. स्क्रीन उघडली की नोंदवू."

त्याने जाऊन ते दार उघडलं. दहा मिनिटांत एक्केचाळीस तक्रारी आल्या. सगळ्यात वरची साहेबांची होती :

"रजेचे अर्ज सोमवारपासून उघडत नाहीत. सर्व्हरवाला रजेवर जायच्या आत त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावेत."