दाबमुक्त कार्यालय

आपल्याला जे जमत नाही ते दुसऱ्याच्या अंगात मोजायला घ्यावं, हे उत्तम प्रशासनाचं पहिलं लक्षण आहे. पाणीपुरवठा खात्याचंच पाहा. वरच्या मजल्यांवरच्या नळांना दाब नाही, अशी ओरड वर्षानुवर्षं होती. तो वाढवणं अशक्य आहे यावर तज्ज्ञांचं एकमत झालं, तेव्हा खात्याने कर्मचाऱ्यांच्या रक्ताचा दाब कमी करण्याचा विडा उचलला. (कुठला तरी दाब आपल्या हातात असलेला बरा.)

मोहिमेचं नाव ‘दाबमुक्त कार्यालय’. दर सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये, साहेबांच्या देखत, एकेकाच्या दंडाला पट्टा बांधायचा. आकडा जास्त आला तर शांत न राहिल्याबद्दल खुलासा मागायचा. खुलासा पटला नाही, तर शांततेचा सराव व्हावा म्हणून जादा काम द्यायचं. पहिल्या महिन्यातच निम्म्याहून अधिक लोकांचा दाब वाढला. मोहिमेची किती निकड होती ते यावरून सिद्ध झालं.

या वाढीत अग्रभागी होते तक्रार विभागाचे हेडक्लार्क. सगळं खातं त्यांना नाना म्हणे. नाना म्हणजे गरीब गाय. दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि “आपली तक्रार नोंदवली आहे” म्हणायचं, यात त्यांची हयात गेली होती. बायकोने घरी मोजला तर त्यांचा दाब थोडासाच जास्त भरे. केबिनच्या दारातलं पायपुसणं ओलांडलं, की एकशे ऐंशी.

“नाना, तुम्ही आतून शांत नाही,” साहेब म्हणाले. “मला बघा.”

साहेबांचा दाब उत्तम होता. (ते तो इतरांना देऊन टाकत.)

दोन-तीन औषधांनी गुण येईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नानांना नवी गोळी लिहून दिली आणि समजेल अशा भाषेत समजावलं. नॉरॲड्रेनलिन नावाचं एक द्रव्य असतं. नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, टोकांशी ते सुटलं की रक्तवाहिन्या आवळतात, काळीज धावतं, दाब चढतो. पण तेच द्रव्य मेंदूच्या बुडाशी एका ठराविक जागी काम करतं तेव्हा उलट घडतं. तिथून नसांना निरोप जातो, पुरे आता, जरा दमानं घ्या.

“एकच द्रव्य आणि दोन ठिकाणी दोन तऱ्हा?” नानांनी विचारलं.

“हो.”

“आमचे साहेब असेच आहेत. इथे आवळतात आणि मुख्यालयात गेले की सगळ्यांना सांभाळून घ्या म्हणतात.”

बाई हसल्या नाहीत. “ही गोळी मेंदूतल्या त्या जागेवर काम करते. तोंड कोरडं पडेल, झोप येईल. एक मात्र लक्षात ठेवा. मला विचारल्याशिवाय ही एकदम बंद करायची नाही. इतके दिवस गप्प बसवलेल्या नसा एकदम उसळतात.”

गोळीने चमत्कार केला. नाना थंडगार झाले. फोनवर कोणी आईबहीण काढली तरी ते डुलकीच्या काठावरून “बरं” म्हणत. साहेब खेकसले की नाना त्यांच्याकडे कोरड्या तोंडाने, मायेने पाहत. तोंडच कोरडं असल्याने प्रत्युत्तर हा प्रकार संपला. खात्याला हवा असलेला माणूस तयार झाला होता. नानांना ‘आदर्श शांत कर्मचारी’ जाहीर करण्यात आलं, आणि मुख्यालयाचे मोठे साहेब स्वतः हा आदर्श पाहायला येणार असं ठरलं.

“फक्त एक करा,” साहेब म्हणाले. “मोठ्या साहेबांनी विचारलं, तर औषधबिषध काही घेत नाही म्हणा. मोहिमेचं यश आहे हे. गोळीचं नाही.”

नानांना खोटं बोलता येत नसे. म्हणून त्यांनी ते खरं करायचं ठरवलं आणि गोळी सोडली.

“अहो, बाईंनी बजावलंय ना?” बायको म्हणाली.

“दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि दाब आता नॉर्मलच आहे की माझा.”

“तो गोळीमुळे आहे.”

“तू मला आदर्श होऊ देणार नाहीस,” नाना म्हणाले. त्यांच्या संसारातलं हे सर्वांत कडू वाक्य. तिने जेवण झाकून ठेवलं.

सोमवारी मोठे साहेब येऊन बसले होते. नाना केबिनमध्ये आले ते घामाने निथळत. डोकं ठणकत होतं. पट्टा फुगला. मोजणाऱ्या नर्सने आकडा पाहिला, पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा पाहिला आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. साहेबांनी यंत्राला दोन टिचक्या मारल्या.

“शांत राहा, नाना,” साहेब दातांवर दात ठेवून म्हणाले.

“कसा राहू?” नाना म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. “वरच्या मजल्यांना पाणी नाही, साहेब. बाया चार-चार जिने घागरी चढवतात. त्या मला शिव्या देतात, मी नोंदवली म्हणतो. कुठे नोंदवतो? इथे.” त्यांनी छातीवर हात ठेवला आणि ते खुर्चीवरून खाली घसरले.

नाना वाचले. रुग्णालयात बायको उशाशी बसून गोळी हातात देई आणि गिळेपर्यंत नजर हलवत नसे. “आदर्श झालात ना?” एवढंच तिने एकदा विचारलं. नानांनी तिचा हात धरला. नुसता बसून राहिलेला माणूस पाहून दाब उतरतो हे त्यांना तेव्हा कळलं. पण खात्यात तशी तरतूद नव्हती.

खात्याने मात्र चौकशी केली. मोजल्यामुळे दाब वाढतो, असा समितीचा निष्कर्ष निघाला. त्यानुसार मोजणं बंद झालं, आणि तेव्हापासून उच्च रक्तदाबाची एकही घटना कार्यालयात घडलेली नाही. या यशाबद्दल साहेबांना बढती मिळाली. हीच पद्धत पुढे नळांनाही लावण्यात आली. तक्रारींचा फोन काढल्यापासून पाण्याचा दाब समाधानकारक आहे.

हे वाचताना ज्यांच्या कानशिलात ठणकलं, त्यांनी एकदा दाब तपासून घ्यावा. ज्यांना काहीच झालं नाही, त्यांना गोळीची गरज नाही. त्यांच्या हाताखालच्यांना असेल.