राखाडी शालू

पेठेकाकांनी पहिल्यांदा साडी मागितली, तेव्हा मी दार अर्धवटच उघडलं होतं.

"लाल आहे का गं? काठ कसलेही चालतील. संध्याकाळी परत देतो."

पेठेकाका कोपर स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीत शेजारच्याच ब्लॉकमध्ये एकटे राहतात. काकू गेल्या वर्षी गेल्या. काका ठाण्याच्या कोर्टातून निवृत्त झाले, पण त्यांच्या तोंडचं "पुरावा काय?" काही निवृत्त झालं नाही. भाजीवाल्याने मेथी ताजी आहे म्हटलं, तरी "पुरावा काय?" अशा माणसाला साडी कशाला हवी, मला कळेना. तरी दिली.

थोड्या वेळाने बघते तर त्यांच्या गॅलरीत दोरीवर माझी साडी, आणि काका नव्या डिजिटल कॅमेऱ्याला डोळा लावून उभे. फोटो मात्र काळेपांढरे.

"हे बघ. साध्या सेटिंगला तुझी लाल साडी राखाडी. लाल फिल्टर निवडला की पांढरीफटक. हिरवा निवडला की काळीकुट्ट."

"मग खरी कुठली?"

"तेच तर!"

दुसऱ्या दिवशी हिरवी मागायला आले. तीही साध्या सेटिंगला तशीच राखाडी आली. माझा गोंधळ वाढला, काकांचा तर विचारूच नका. सोसायटीभर बभ्रा झाला. वरच्या वहिनींनी जांभळी दिली, आणि शिवाय इस्त्री करून परत मागितली.

शेवटी मीच मोबाइलवर वाचून शहाणपणा केला. "काका, कॅमेऱ्यात 'रॉ' म्हणून कच्च्या फोटोचं सेटिंग असतं, त्यात काढा. दिसायला काळंपांढरं, पण रंग आत शाबूत राहतात. नेहमीच्या जेपेग फोटोत रंग गेले ते गेले."

काकांनी कॅमेरा खाली ठेवला. आत जाऊन भिंतीवरचा लग्नाचा फोटो घेऊन आले. त्यात तरुण काकू, अंगावर राखाडी शालू.

"ह्याच्या आत राहिले असतील का गं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: काका आमच्या साड्यांत त्या शालूचा रंग शोधत होते. तो शालू काकूंनी केव्हाच बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला होता.

"लग्नाच्या वाढदिवसाला ती विचारायची, माझ्या शालूचा रंग सांगा. मी मुद्दाम चुकीचा सांगायचो. चिडली की छान दिसायची. असं करता करता खरा कधी विसरलो, कळलंच नाही."

मी म्हटलं, "हिरवाच असणार, काका. लग्नात हिरवाच घेतात."

"पुरावा काय?" ते सवयीने म्हणाले. मग शर्टाच्या टोकाने फोटोची काच पुसत राहिले. "आणि आता बरोबर सांगितला, तरी हो म्हणायला ती कुठे आहे?"

मी निघाले, तर काका दारापर्यंत आले.

"कल्याणला तुझी बहीण असते ना? तिच्याकडे मोरपंखी असेल तर बघ."