पाच वाजायच्या आत सही

नोंदणी कार्यालयातल्या मंडळींना दुःखी माणसाशी कसं वागावं याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं, आणि नेमक्या तिसऱ्या दिवशी टेलरबाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला न्यायला आल्या. नशीब एकेकाचं! दाखला छापून तयार होता, फक्त सही राहिली होती. समोरच्या नर्सिंग कॉलेजात त्यांची मुलगी रांगेत उभी होती. दाखल्याशिवाय फॉर्म घेत नव्हते, आणि पाच वाजता अ‍ॅडमिशन बंद. घड्याळात साडेतीन झाले होते.

दारातले शिपाईमामा एरवी "काय काम?" एवढंच खेकसायचे. आज ते चक्क उठून उभे राहिले. "ताई, तुमच्या बाबतीत काय घडलं?"

"नवरा गेला. दाखला हवाय."

"अरेरे! कसं झालं हो?" मामांनी वही उघडली.

बाईंनी सांगितलं. चहा पिता पिता छातीत कळ आली, कप खाली ठेवला तो ठेवलाच. मामांनी तीन वेळा मान हलवली, कारण ट्रेनिंगमध्ये तीनच सांगितल्या होत्या. मग टिशू पेपर देऊन त्यांना आत पाठवलं.

आतल्या कारकुनाने खुर्ची पुढे केली. "बसा ताई. काय घडलं?"

"अहो, आत्ताच त्यांना सांगितलं ना!"

"ते त्यांच्या वहीत. तुमचं दुःख गोपनीय आहे. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेता येत नाही."

झालं! पुन्हा चहा, पुन्हा कळ, पुन्हा कप. शिवाय 'दुःखाची तीव्रता' या रकान्यात एक ते दहापैकी आकडा हवा होता. बाईंनी सात सांगितले, तर कारकून म्हणाला, "संकोच करू नका, नऊ लिहितो." भीक नको पण कुत्रा आवर, अशी बाईंची गत झाली. खिडकीशी पोचेपर्यंत साडेचार वाजले.

खिडकीवरच्या बाईंना सगळं कार्यालय 'तोफ' म्हणायचं. परवापासून ही तोफ कुजबुजत होती. "ताई... काय घडलं तुमच्या..."

"मेला हो माझा नवरा! मेला!" टेलरबाईंचा बांध फुटला. "किती वेळा मारू त्याला? सही करा नि सोडा मला!"

तोफेच्या हातातलं पेन गळून पडलं. साहेब केबिनमधून धावत आले. "आमच्या खिडकीवरच्या बाईंना आघात झालाय! त्यांना शांतता कक्षात न्या. नियम कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत."

"अहो, मग सही तुम्ही करा!"

"अधिकार त्यांचाच. आणि आघात झालेल्या माणसावर कामाचा दबाव आणायचा नाही." साहेबांनी खिडकीवर 'उद्या या'ची पाटी लावली.

पाचला पंधरा कमी. "निदान त्यांना पाणी तरी नेऊन देते," असं म्हणत टेलरबाईंनी एका हातात ग्लास घेतला, दुसऱ्या हाताने ट्रेमधला दाखला उचलला आणि शांतता कक्षात शिरल्या. कालपर्यंत ती रद्दीची खोली होती. गठ्ठ्यांवर उशी टाकून तोफ बसली होती, आणि खरोखरच रडत होती.

"चुकलं हो माझं. आवाज चढला," टेलरबाई म्हणाल्या.

"तुमचं काही नाही. बावीस वर्षं शिव्या खातेय या खिडकीत. माझ्या आईच्या दाखल्यावर मीच सही केली, आणि लगेच पुढचा नंबर पुकारला. लोकांना काय घडलं ते विचारायला दोन दिवस शिकवलं. पण मला कुणी विचारलं?"

टेलरबाईंनी तिचा हात हातात घेतला, पाठीवरून हात फिरवला. भिंतीवरच्या घड्याळात पाचला आठ कमी होते. त्यांनी हळूच पर्समधल्या पेनाचं टोपण काढलं, पेन तिच्या त्याच हातात दिलं आणि दाखला मांडीवर सरकवला.

"बोला बाई, मन मोकळं करा. मी ऐकतेय. फक्त सही करता करता बोला. राहिलेलं ऐकायला उद्या येते."